उसवण

खळ शिजून तयार होती आणि चिकटवायला घरात एकही पुस्तक नव्हतं.

सुनेनं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि फडक्यात धरून सासऱ्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं. आबा रोजच्यासारखे खिडकीखालच्या पोत्यावर बसले होते. समोर पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभण, मेणाचा गोळा, हाडाची पट्टी, पुठ्ठा कापायची रापी, सगळं जिथल्या तिथे मांडलेलं. त्यांनी बोट बुडवून खळ पाहिली, अंगठ्यावर चोळली.

"जरा घट्ट झालीय."

"पाणी घालते."

"राहू दे. लावायची कशाला आहे?"

खरं म्हणजे खळ शिजवायची गरज नव्हती हे तिलाही कळत होतं. पण सकाळी उठून चूल पेटवली, अंघोळीचं पाणी तापलं, चहा झाला, की हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जायचा. इतक्या वर्षांची सवय.

गावात या घराचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. आबांच्या वडिलांपासून वाचनालयाची पुस्तकं या घरात शिवली जात होती, म्हणून ते खळवाले. वाचनालयाच्या हॉलला लागून मागे एक खोली आणि पत्र्याची पडवी होती, ती वाचनालयानंच राहायला दिलेली. मालकी वाचनालयाची, सारवण यांचं. आबांच्या हाताखाली मुलगा काही शिकला नाही. त्याचा हात जड. दाभण धरली की कागदच फाटायचा. म्हणून त्याला वाचनालयात शिपाई करून घेतलं. कुलूप उघडायचं, झाडायचं, मागितलेलं पुस्तक काढून द्यायचं. आणि लग्न होऊन आलेली सून मात्र कुणी न शिकवता शेजारी बसून बसून शिकली. पुढे आबांचा उजवा अंगठा आखडला, तेव्हा घरातलं शिवणकाम तिच्याकडेच आलं. आबा फक्त मेण लावलेला दोरा ओवून द्यायचे आणि चुका काढायचे.

सुगी संपल्यापासून वाचनालयातून शिवायला गठ्ठा आला नव्हता. आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं.

दुपारी नवरा घरी आला. वेळेच्या आधीच. डोक्याची मफलर काढली नाही, तसाच उंबऱ्यावर टेकला.

"बरं नाही का वाटत?" तिनं विचारलं.

"बरं आहे." मग म्हणाला, "अनुदान निम्म्यावर आणलंय. वरूनच. मीटिंग झाली सकाळी."

आबांनी मान वळवली. "म्हणजे काय काय?"

"बाइंडिंग बंद. वर्तमानपत्रं बंद. नवीन पुस्तकं तर विसराच. संध्याकाळी दिवे लावायचे नाहीत."

"मग उघडं काय राहणार?"

"दार," तो म्हणाला. "तेही दुपारपर्यंत."

आबा हसले. हसता हसता खोकले. सुनेनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आणि तुम्ही?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी पण दुपारपर्यंत. पगार पण तेवढाच. अध्यक्ष म्हणाले, उरलेला वेळ माझ्या गोदामात ये. पोती उचलायला माणूस हवाच आहे. तुझी सोय केली म्हणाले."

खळीवर तोपर्यंत साय धरली होती. तिनं ती काठीनं बाजूला सारली आणि पातेलं झाकून ठेवलं. रात्री ते घासताना तिला जोर लावावा लागला.

अध्यक्षांचा पशुखाद्याचा धंदा होता. वाचनालयाचे अध्यक्षही तेच आणि गोदामाचे मालकही तेच. माणूस वाईट नव्हता. कुणावर कधी ओरडायचा नाही. हळू बोलायचा, आणि समोरच्याला ते ऐकायला वाकावं लागायचं.

नवरा दुपारी हॉलला कुलूप लावायचा आणि गोदामात जायचा. अंधार पडता पडता परत यायचा तेव्हा अंगाला पेंडीचा आंबूस वास असायचा, मानेमागचं कातडं पोत्यानं घासून लाल झालेलं असायचं. ती फडकं गरम करून शेकायची. तो पालथा पडून भिंतीकडे तोंड करून शेकून घ्यायचा.

"आज पुन्हा म्हणाले?" एकदा तिनं विचारलं.

"काय?"

"तेच. ग्रंथपाल."

गोदामातल्या हमालांनी त्याचं तेच नाव पाडलं होतं. 'ओ ग्रंथपाल, हे पोतं कुठल्या कपाटात ठेवू?' 'ग्रंथपाल, जाडजूड कादंबरी आली बघा, उचला.' सगळे हसायचे. तोही हसायचा, न हसून सांगतो कुणाला.

"म्हणू देत," तो म्हणाला. "जोरात दाब जरा. तिथे नाही, वर."

खऱ्या ग्रंथपालबाई तर कधीच गेल्या होत्या. पगार थांबल्यावर दोन-चार महिने तशाच येत राहिल्या, मग एका सकाळी किल्ल्यांचा जुडगा नवऱ्याच्या हातात ठेवला आणि बहिणीच्या गावी शिकवणीचे वर्ग घ्यायला निघून गेल्या. जाताना सुनेला म्हणाल्या होत्या, "तुझ्या हातची पुस्तकं माझ्यानंतरही टिकतील गं." तेव्हा ते ऐकून तिला बरं वाटलं होतं.

एका माणसाच्या अर्ध्या पगारात आणि अर्ध्या हमालीत घर भागेना. सून दुकानांत जाऊन आली. हिशेबाच्या वह्या शिवून देते म्हणाली. दुकानदारांनी छापील वह्यांची चळत दाखवली. शाळेत गेली. तिथे मुलांची पुस्तकं आता शिवतच नव्हते, फाटली की टाकून देत. शेवटी नवऱ्यानंच अध्यक्षांना विचारलं आणि तिला गोदामात काम मिळालं. भरलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची.

दाभण तीच. दोरा मात्र सुतळीचा. दिवसभर पत्र्याखाली गारठ्यात बसायचं, पोतं पुढे आलं की तोंड दुमडायचं, टाके घालायचे, ढकलायचं. सुतळीनं बोटांच्या पेरांत चिरा पडल्या. थंडीनं त्या भरून येईनात. पेंडीचा भुसा त्यात जाऊन झोंबायचा. तरी पहिल्या दिवशी तिनं पोतं असं शिवलं की मुकादम उभा राहून बघतच राहिला.

"बाई, हे काय करताय?"

"शिवतेय."

"इतके जवळ टाके? हे पोतं आहे, पोथी नाही. सुतळी काय फुकट येते?"

बाकीच्या बाया हसल्या. तिनं दातानं सुतळी तोडली आणि पुढच्या पोत्याला लांब लांब टाके घातले. हाताला ते जमेना. मध्येच एखादा टाका जवळ पडायचाच. मग ती मुकादमाचं लक्ष नाही असं बघून तो उसवायची आणि पुन्हा लांब घालायची.

घरी आबा दिवसभर एकटे. दोरे ओवून ठेवायचे. ती आली की म्हणायचे, "ओवून ठेवलेत गं. लागले तर."

आणि एका सकाळी, धुकं अजून पडवीच्या पत्र्यावरून टपकत होतं तेव्हा, अध्यक्ष स्वतः खोलीवर आले. शाल पांघरलेली, हातात काठी नाही की छत्री नाही, नुसते चालत. नवरा धडपडून उठला. सुनेनं पदर सारखा केला आणि चहा टाकला. अध्यक्ष पोत्यावर आबांच्या शेजारीच टेकले.

"आबा, तब्येत कशी?"

"आहे."

"बरं. मी काय म्हणतो," अध्यक्ष हळू आवाजात बोलू लागले. "अनुदान आता उरलंसुरलंही बंद झालंय. दिव्याचं बिल भरायचं म्हटलं तरी खिशात हात घालावा लागतो. कमिटीनं ठरवलंय, हॉल भाड्यानं द्यायचा. पशुखाद्याचा डेपो होईल. म्हणजे आमचंच आहे ते, पण रीतसर भाडं देणार आहे मी."

"भाडं कुणाला मिळणार?" आबांनी विचारलं.

"वाचनालयाला."

"कुठल्या?"

अध्यक्षांनी आबांकडे पाहिलं. चहा आला. त्यांनी बशीत ओतून फुंकर घातली.

"पुस्तकं भंगारवाला उचलतोय. त्याच्याशी बोलणं झालंय. पण कागदाची गिरणी पुठ्ठा-कापड घेत नाही. दोरा पण नको. नुसता कागद पाहिजे. म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं बाइंडिंग काढून द्यावं लागेल." त्यांनी बशी खाली ठेवली. "मी म्हटलं बाहेरचा माणूस कशाला? हत्यारं आपल्याच घरात आहेत. दर पुस्तकामागे मिळतील. सूनबाईंना गोदामात गारठ्यात बसायला नको. घरबसल्या काम."

चुलीत लाकूड तडकलं.

"खोली तशी हॉलबरोबरच जाते," उठता उठता अध्यक्ष म्हणाले. "पण मी भागीदारांना सांगून ठेवलंय, ही माणसं आपली आहेत. त्यांना हलवायचं नाही. एवढ्या थंडीत आबांना घेऊन कुठे जातील ही?" नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ते गेले. त्यांच्या चहाच्या बशीवर थोडा वेळ वाफ राहिली.

आबा पोत्यावरच आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"आपण नाही केलं तर दुसरा कुणीतरी करणारच," नवरा म्हणाला.

"करू दे की मग."

"मग तो दुसरा कुणीतरी या खोलीत राहायला येईल."

तिनं बशी उचलून विसळली. परत विसळली. मग कोपऱ्यात जाऊन आबांच्या मांडलेल्या सामानातून रापी उचलली. त्या वेळी तिला वाटलं होतं, आबा काहीतरी म्हणतील. नको म्हणतील, किंवा शिवी तरी देतील. त्यांनी मान वळवली नाही. पांघरूण तेवढं खांद्यावर ओढून घेतलं.

हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावून ठेवली होती. मधल्या मोकळ्या जागेत ताडपत्री. नवरा कपाटातून पुस्तकं काढून आणायचा आणि तिच्या डावीकडे ढीग लावायचा. उजवीकडे भंगारवाल्याचा वजनाचा ताणकाटा टांगलेला. भंगारवाला बोलका माणूस होता. तंबाखूचा तोबरा भरून उंबऱ्यावर बसायचा आणि सगळ्यांशी बोलायचा.

पहिली काही पुस्तकं सोपी गेली. ती कारखान्यात डिंकानं चिकटवलेली. कव्हर धरून ओढलं की सालपटासारखं निघून यायचं. तिनं मनात म्हटलं, इतकंच असेल तर होईल. मग ढिगातून एक जाड पुस्तक हातात आलं. निळं कापड, कोपऱ्यांना चामडं. आबांचं काम. तिच्या लग्नाच्याही आधीचं असावं. तिनं रापी पुठ्ठ्याच्या आत घातली, कापड कापलं, पुठ्ठा ओढला. पुठ्ठा आला, पण कणा तसाच घट्ट. तिनं फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांचे गठ्ठे, धरून पिळले. हलेनात. मग रापी टाक्यांवर धरून ओढली तेव्हा ती सटकली आणि तिच्या तळहातात घुसली.

"अगं!" नवरा धावला. त्यानं मफलर गुंडाळली.

"वहिनी, असं कुणी शिवतं का?" भंगारवाला उंबऱ्यावरून म्हणाला. "हत्ती बांधायचा होता की काय या दोऱ्यानं?"

नवरा हसला. ती पण हसली, हात दुखत असताना.

त्या दिवशी ती उरलेली पुस्तकं कशीतरी ओरबाडत राहिली. टाके सुटत नव्हते म्हणून फर्मेच्या फर्मे कण्यापासून फाडून काढले. पानांचे तुकडे ताडपत्रीभर पडले. भंगारवाला म्हणाला, चालतंय, फाटलं तरी वजन तेवढंच. हॉलची एक भिंत आणि खोलीची भिंत एकच होती. पलीकडे आबा पडलेले होते, हे तिला सारखं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुखरा हात घेऊन कामाला बसली आणि थोड्याच वेळात दारात सावली पडली. आबा. काठीवर रेलून, अंगावर घोंगडी, पायात चपलाही नव्हत्या.

"फाडायचा आवाज येतोय मला कालपासून," ते म्हणाले.

तिनं रापी खाली ठेवली. "आबा, मी..."

"कागद फाटतोय. कागदानं काय केलंय तुझं?" ते ताडपत्रीवर येऊन तिच्या समोर बसले. बसताना गुडघे वाजले. तिच्या मांडीवरचं पुस्तक त्यांनी ओढून घेतलं, उलटं केलं. "इकडे बघ. शेवटचा फर्मा उघड. मध्यभागी गाठ आहे ना? ती रापीच्या टोकानं उचल. कापू नको, उचल. हां. आता दोरा धर आणि दुसऱ्या बाजूनं ओढ. सरळ. वाकडा नको."

तिनं ओढलं. दोरा फर्म्याफर्म्यातून सरसरत बाहेर आला, हातभर, मग आणखी हातभर, मेण अजून त्याला होतंच. सगळं पुस्तक तिच्या मांडीवर मऊ पडलं आणि पानं एकमेकांवरून घसरली. एकही फाटलं नव्हतं.

"असं," आबा म्हणाले. सवयीनं त्यांनी तो दोरा दोन बोटांवर गुंडाळायला घेतला होता. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी गुंडाळून पुरा केला आणि मांडीशेजारी ठेवला.

त्यानंतर दोघं मिळून बसू लागले. आबा गाठी सोडायचे, ती दोरा ओढायची. काम भराभर व्हायला लागलं. भंगारवाला खूश होता. अध्यक्षांनी येऊन पाहिलं आणि "वा" म्हणाले. तिला त्या "वा"चा राग आला नाही, याचा राग नंतर रात्रभर आला.

पुठ्ठे कुणालाच नको होते. नवरा ते घरी आणायचा. चुलीत घालायचा, पाणी तापवायला. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेला असायचा, त्यामुळे पुठ्ठा पेटला की ज्वाळेला हिरवी झाक यायची. नवरा चुलीपुढे उकिडवा बसून ते बघत राहायचा. "सुंदर दिसतं," असं एकदा म्हणाला, आणि लगेच बायकोकडे पाहिलं. ती भाजी चिरत होती. त्या थंडीत घरात गरम पाण्याला कमी पडलं नाही.

काम बरंचसं उरकत आलं होतं तेव्हा गिरणीवाली आली. गावातली पिठाची गिरणी ती एकटीच चालवायची. तिचा नवरा जाऊन खूप वर्षं झालेली. गिऱ्हाईक नसलं की पट्ट्याच्या खडखडाटात बसून कादंबऱ्या वाचायची. तिच्याकडून परत आलेलं पुस्तक ओळखू यायचं. उघडलं की शिवणीत पिठाची रेघ असायची. सून शिवताना ते ब्रशनं झटकायची आणि वैतागायची.

"आत येऊ का गं?" गिरणीवाली दारातून म्हणाली. केसांवर, भुवयांवर पीठ. पदराखाली पुस्तक. "हे परत द्यायचं राहिलं होतं."

"ठेवा की मावशी तुमच्याकडेच," सून म्हणाली. "आता कोण विचारणार आहे?"

"नको बाई. वाचनालयाचं पुस्तक घरी ठेवायचं म्हणजे चोरीच की. आणि ठेवू कुठे? गिरणीत उंदीर किती आहेत." तिनं पुस्तक पुढे केलं, पण हात सोडेना. "फक्त शेवटची थोडी पानं राहिलीत. गिऱ्हाइकांनी वाचू दिली नाहीत."

"मग वाचा ना इथे."

"चालेल?"

भंगारवाल्यानं मान डोलावली. "वाचा मावशी. पळून जात नाही कागदाची गिरणी."

गिरणीवाली पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसली. खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे पुस्तक धरलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. बाकीचे काम करत राहिले. दोरा सरसरत होता. काट्याची साखळी वाजत होती. नवरा पुस्तकं आणायला तिच्या जवळून जाताना पाय हळू टाकत होता. सुनेनं दोनतीनदा वर पाहिलं. गिरणीवालीनं एकदा डोळे पुसले. पिठाचा पट्टा गालावर ओला झाला. मग नाक ओढून पुढे वाचलं.

बराच वेळ गेला. तिनं पुस्तक मिटलं आणि वरच्या कापडावरून हात फिरवला.

"काय झालं शेवटी?" आबांनी विचारलं.

"कुणाचं?"

"पुस्तकातल्या बाईचं. हे मीच शिवलेलं आहे. तीनदा शिवलं. वाचलं मात्र नाही कधी."

"मेली नाही," गिरणीवाली म्हणाली. "परत पण गेली नाही. तिथेच राहिली, दुसऱ्याच्या दारात. पण मेली नाही."

"बरं झालं," आबा म्हणाले.

गिरणीवाली उठली. पुस्तक सुनेच्या हातात दिलं. "घ्या." आणि मागे न बघता गेली. पायऱ्या उतरल्यावर तिनं पदर झटकला. पीठ उडालेलं दिसलं.

सुनेनं ते पुस्तक ढिगाच्या तळाशी सरकवलं. पण दिवस मावळायच्या आत ढीग संपला, आणि तळाशी काही राहिलं नाही.

ट्रक भरून गेला. दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये पोती यायला लागली. भिंतीपलीकडून आता पेंडीचा वास खोलीत यायचा, पांघरुणात, पाण्यात, केसांत. उंदीर आले. अध्यक्षांनी शब्द पाळला. खोली काढून घेतली नाही. उलट नवऱ्याला डेपोचा राखणदार केलं. दिवसा पोती उचलायची, रात्री त्यांच्यावर नजर ठेवायची. तो घरातच असायचा आणि कधी घरी नसायचा.

सुनेला पुन्हा गोदामात घ्यायला मुकादम तयार नव्हता. शिवायचं मशीन आणलं होतं. ती रिकामी बसली की हात एकमेकांवर घासत राहायची. तळहातावरची जखम भरली होती, पण बोटं सरळ होत नव्हती.

आणि मग भंगारवाला आला. पडवीत उभा राहूनच बोलला.

"वहिनी, पलीकडच्या गावचं वाचनालय मोडीत निघतंय. त्याच्या पलीकडचंही. सगळीकडे तेच चाललंय, अनुदान नाही तर ठेवतील कशाला? तिथली माणसं ओरबाडून ठेवतात, निम्मा कागद धुळीत जातो. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. ट्रकमधून नेईन, संध्याकाळी आणून सोडीन. बोला."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पोत्यांकडे पाहिलं.

"जाऊ का?" तिनं विचारलं.

"मी काय सांगू?" तो म्हणाला. "तुझं तू बघ." आणि मग, "डबा घेऊन जा मात्र."

आत आबा सामान गुंडाळत होते. रापी, हाडाची पट्टी, दाभण. एका फडक्यात.

"आबा, तुम्ही कुठे?"

"तुला जाड पुस्तकं जमत नाहीत अजून," ते म्हणाले. "गाठ सापडत नाही तुला."

ते खरं होतं. तिनं त्यांचे मोजे शोधून काढले आणि पायांत घालून दिले.

ट्रकमध्ये पुढे बसायला जागा नव्हती. दोघं मागे ताडपत्रीवर बसले. आबांना तिनं जवळ घेतलं, घोंगडी दोघांच्या अंगावर. धुक्यात रस्ता दिसत नव्हता. वाऱ्यानं कान बधिर झाले. आबांचं डोकं तिच्या खांद्यावर आपटत होतं आणि ते दर वेळी "माफ कर" म्हणत होते.

त्या गावचं वाचनालय यांच्या गावच्यापेक्षा मोठं. दोन खोल्या, वर माळा. वाचकांचे बाक बाहेर अंगणात काढून ठेवले होते, त्यांच्यावर दव पडलं होतं. आत ताडपत्री अंथरलेली. ढीग तयार होता. आबा बसले. पहिलं पुस्तक मांडीवर घेतलं, कण्यावरून आखडलेला अंगठा फिरवला, शेवटचा फर्मा उघडला.

"गाठ उलट्या बाजूनं आहे," ते म्हणाले. "डावखुरा माणूस दिसतोय."

"सुटेल?"

"सुटेल. वेळ लागेल. चांगलं शिवलंय."

ते गाठ शोधत होते तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, बारीक, अंगात जुना कोट. भंगारवाल्यानं त्याला पाहून तोंड वाकडं केलं.

"या," तो म्हणाला. "हाच तो, इथली पुस्तकं शिवणारा. यांना आधी विचारलं होतं वहिनी. काय बोलले माहितीये? हात तोडून घेईन पण करणार नाही. म्हणून तर तुम्हाला आणलं."

तो माणूस आबांच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत राहिला. सुनेची मान खाली गेली. कुणीतरी आपल्या ताटातलं बघतंय तसं तिला झालं. आबांना गाठ सापडेना. रापीचं टोक दोनदा घसरलं.

"तिथून नाही सुटणार," माणूस दारातून म्हणाला. "मी गाठ आत घेतो. दुसऱ्या फर्म्यात बघा."

आबांनी दुसरा फर्मा उघडला. गाठ तिथे होती. त्यांनी ती उचलली आणि तिनं दोरा ओढला. तो हात-दीड हात आला आणि अडला. माणूस दोन पावलं आत आला. थांबला.

"अजून लागतोय का माणूस?" त्यानं भंगारवाल्याला विचारलं.

"म्हणजे?"

त्यानं कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली रापी काढली. धार लावलेली होती, ताजी.

भंगारवाल्यानं सुनेकडे पाहिलं. तिच्या वाट्यातलंच जाणार होतं ते. आबा मात्र ताडपत्रीवर दोन्ही हात टेकून, कण्हत, थोडे बाजूला सरकले. एका माणसाची जागा झाली.

तो चपला काढून बसला. जवळून त्याच्या कपड्यांना खळीचा वास येत होता. सुनेनं आपल्या पुढ्यातल्या ढिगातली वरची पुस्तकं उचलली आणि त्याच्याकडे सरकवली.

"ही घ्या," ती म्हणाली. "तुमचीच दिसतात."

"सगळीच माझी आहेत," तो म्हणाला, आणि डाव्या हातात रापी घेऊन त्यानं पहिलं पुस्तक उलटं केलं.